पेस्ट कंट्रोलनंतर बाराव्या दिवशी परत पिसवा: फसलो का, आणि आता कोणाला बोलवायचं?

प्रश्न कोथरूडच्या एका ताईंचा आहे. तळमजल्यावर दोन बेडरूमचं घर, घरात एक लॅब्रॅडॉर आणि नऊ महिन्यांची रांगती नात. जुलै लागल्यापासून सगळ्यांच्या घोट्यांना चावे. एका पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलं, त्याने तासाभरात फवारणी उरकली आणि ‘आता वर्षभर बघायला नको’ असं सांगून गेला. चार-पाच दिवस बरे गेले, बाराव्या दिवशी परत पिसवा. तो आता फोन उचलत नाही. ताई विचारतात: आम्ही फसलो का? दुसरा माणूस बोलवायचा तर कसा पारखायचा?

ताई, फसवणूक झालीय, पण तुम्हाला वाटतेय तिथे नाही. बाराव्या दिवशी पिसवा दिसल्या म्हणजे औषध भेसळीचं होतं असं नाही. मी स्वतः केलेल्या घरांतही दहाव्या-बाराव्या दिवशी पिसवा दिसतात, आणि त्या दिसणार हे मी निघताना सांगून येतो. खोटं होतं ते वर्षभराचं आश्वासन. पंचवीस वर्षं मी पुण्यात हे काम करतोय. झुरळं, वाळवी, ढेकूण, उंदीर सगळं केलं, पण पिसवांइतका गैरसमज दुसऱ्या कशाबद्दल पाहिला नाही. त्यामुळे माणूस कसा निवडायचा हे सांगण्याआधी पिसवांचं थोडं सांगतो. ते एकदा कळलं की समोरचा काम जाणतो की नाही, हे तुम्हाला फोनवरच ओळखता येईल.

कुत्र्याच्या केसांत पळताना दिसते ती पूर्ण वाढलेली पिसू. घरातल्या एकूण पसाऱ्यात तिचा वाटा वीसात एक इतकाच. बाकी सगळी अंडी, अळ्या आणि कोश, आणि ते कुत्र्यावर नसतात, तुमच्या जमिनीवर असतात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालू शकते. ही अंडी गुळगुळीत असतात, केसांना चिकटत नाहीत. कुत्रा उठून अंग झाडतो तेव्हा बारीक मिठासारखी खाली सांडतात. दोन ते दहा दिवसांत त्यातून अळी निघते. तिला उजेड सोसत नाही. ती दिवाणाखाली, सोफ्याच्या पोटात, सतरंजीच्या विणीत, शहाबादी फरशीच्या सांध्यात शिरते आणि मोठ्या पिसवांच्या वाळलेल्या विष्ठेवर, म्हणजे खरं तर तुमच्या कुत्र्याच्याच वाळलेल्या रक्तावर वाढते. हवा दमट असेल तरच ती जगते. त्यामुळेच पुण्यात माझा फोन पिसवांसाठी जून ते ऑक्टोबर वाजत राहतो आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात जवळजवळ थांबतो. कोकणात मात्र वर्षभर चालू.

मग येतो कोश, आणि सगळी गोम इथेच आहे. अळी स्वतःभोवती रेशमी कोश विणते. तो चिकट असतो, त्यावर धूळ आणि केस चिकटून तो कचऱ्याच्या कणासारखा दिसायला लागतो. या कोशात औषध नीट शिरत नाही. कोणाचंच शिरत नाही, कितीही महाग असलं तरी. आतली पिसू तयार होऊनही आठवडेच्या आठवडे, कधी काही महिने बसून राहते. जमिनीला हादरा बसला, ऊब जाणवली, श्वासातला कार्बन डायऑक्साइड आला, की कोणीतरी जिवंत आलंय हे तिला कळतं आणि ती बाहेर पडते.

हे मी एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि ते कधी विसरलो नाही. पेठेतल्या एका जुन्या वाड्यातली मंडळी दोन महिने मुलाकडे गेली होती. मांजर शेजाऱ्यांकडे ठेवलेलं. जूनअखेर परत आले, पंधरा मिनिटांत घराबाहेर येऊन बसले आणि मला फोन केला. मी गेलो तर काका म्हणाले, ‘आत कसली तरी काळी भुकटी उडतेय.’ मी आत पाऊल टाकलं. माझ्या पांढऱ्या मोज्यांवर आधी पाच-सहा ठिपके, मग मोजता येईनात इतके, आणि ते वर चढत होते. दोन महिने त्या घरात कोणी चाललं नव्हतं. सगळे कोश पिकून बसले होते आणि माणसांच्या पावलांनी एका दमात फुटले. काकूंना वाटत होतं बंद घरात कोणीतरी जनावर सोडलं. जनावर कोणी सोडलं नव्हतं, त्यांचं मांजर मे महिन्याआधीच ते सगळं पेरून गेलं होतं.

तर तुमच्याकडे बाराव्या दिवशी दिसल्या त्या बहुधा नव्याने कोशातून बाहेर पडलेल्या पिसवा. जमिनीवर औषधाचा थर टिकून असेल तर त्या त्यावरून चालून एक-दोन दिवसांत मरतात. असं दोन-तीन, कधी चार आठवडे चालतं. थर टिकला नसेल तर त्या कुत्र्यावर चढतात, दोन दिवसांत अंडी घालायला लागतात आणि तुम्ही परत जुलैच्या पहिल्या दिवसावर. मग तुमच्याकडे थर का टिकला नसेल? मला दोन शंका आहेत. एक, त्या माणसाने खोलीच्या मधोमध फवारलं आणि सोफा-दिवाण हलवलेच नाहीत. दोन, दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या आणि नेहमीप्रमाणे फिनेल घालून सगळी लादी पुसून गेल्या. गुळगुळीत टाइल्सवरचं औषध एका पोछ्यात निघून जातं. आपल्याकडे रोज फरशी पुसतात, ही चांगलीच सवय आहे, पण या कामात ती कोणी लक्षातच घेत नाही. तुम्हाला कोणी ‘पुसू नका’ असं सांगितलं होतं का? सांगितलं नसेल, तर तुमची खरी फसवणूक ती.

आता माणूस निवडण्याचं. फोन करा आणि आधी त्याला बोलू द्या. ‘किती बीएचके?’ एवढंच विचारून तो भाव सांगायला लागला तर तिथेच आभार मानून ठेवा. काम जाणणारा आधी विचारेल की घरात कुत्रा-मांजर आहे का, त्याला पिसवांचं औषध कधी दिलं, ते कोणत्या डॉक्टरांनी दिलं, जनावर झोपतं कुठे, तळमजला आहे का, खाली-वर भटकी मांजरं आहेत का, बाळ किंवा दम्याचं कोणी आहे का, माशांची टाकी आहे का. चावे कुठे आहेत हेसुद्धा विचारेल. पिसवा घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चावतात. सकाळी उठल्यावर हात, मान, पाठ अशा उघड्या भागावर ओळीने गांधी असतील तर तो ढेकणांचा संशय घेईल, आणि त्याचं काम पूर्ण वेगळं आहे. बरेच लोक गोचिडांनाही पिसवा म्हणतात. गोचीड भिंतीवर चढते, चौकटीच्या फटीत आणि पडद्यामागे लपते, हळू चालते. पिसू उडी मारते आणि जमिनीजवळच राहते. दोन्हींसाठी एकच फवारणी मारणारा दोन्हीकडे चुकतो.

मग दोनच गोष्टी स्पष्ट विचारा. पहिली: ‘किती फेऱ्या करणार?’ उत्तर दोन असलं पाहिजे, दुसरी १० ते १४ दिवसांनी, आणि दोन्हींचे पैसे एकाच बिलात. शक्य असेल तर काही रक्कम दुसऱ्या फेरीनंतर द्यायची ठरवा. दुसरी: ‘मोठ्या पिसवा मारणाऱ्या औषधाबरोबर वाढ रोखणारं औषध घालणार का?’ मेथोप्रीन, पायरीप्रॉक्सिफेन ही त्यातली नावं. ती अंडी आणि अळ्यांची वाढ मोडतात, मोठी पिसू त्यांनी मरत नाही. मोठ्यांसाठी डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, लॅम्ब्डा-सायहॅलोथ्रिन अशी औषधं वापरतात. तुम्हाला रसायनशास्त्र येण्याची गरज नाही. ‘वाढ रोखणारं’ म्हटल्यावर तो गोंधळला की समजायचं ते समजा.

तुमच्याकडे वार्षिक करार असेल तर तोही नीट वाचा. बहुतेक करार झुरळांच्या जेलचे असतात. किचनच्या ट्रॉलीत जेलचे ठिपके आणि मोरीत थोडी फवारणी. त्या जेलचा पिसवांशी काहीही संबंध नाही. खोलीभर धूर करणारी फॉगिंगही अशीच. दिसायला काम भरपूर दिसतं, पण धूर वरून खाली बसतो, दिवाणाच्या पोटाखाली आणि सतरंजीच्या बुडाशी पोचत नाही. अळ्या तर तिथेच.

कागद बघायला संकोच करू नका. व्यावसायिक कीडनियंत्रणाला राज्याच्या कृषी विभागाचा परवाना लागतो. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा आणि मुदत बघा. तो माणूस आला की औषधाच्या बाटलीचं सील तुमच्यासमोर फोडायला आणि औषध तुमच्यासमोर पाण्यात मिसळायला सांगा. बाटलीवर कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो, त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. घरात, तेही रांगत्या बाळाच्या घरात, लाल-पिवळ्या चौकोनाची बाटली उघडू देऊ नका. लेबल नसलेल्या कोकच्या बाटलीतून आणलेलं काहीही नको, मग तो ‘हर्बल’ म्हणो की ‘विनावास’ म्हणो. औषधाचं नाव बिलावर लिहून घ्या. उद्या बाळाला किंवा कुत्र्याला काही झालं तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोच असतो.

दोन गोष्टींबद्दल मी हात जोडून सांगतो. डायक्लोरव्हॉस, ज्याला जुनी माणसं ‘नुवान’ म्हणून ओळखतात, ते देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहे. कोणाकडे जुना साठा असला तरी घरात येऊ देऊ नका. आणि धान्यात घालायच्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कोणत्याही कारणाने, कोणाच्याही सल्ल्याने ठेवायच्या नाहीत. त्यातून निघणाऱ्या वायूने माणसं गेली आहेत, भिंतीपलीकडच्या शेजारच्या घरातली निजलेली माणसंसुद्धा. कृषी सेवा केंद्रातून शेतीचं औषध आणून घरात मारणं हेही तितकंच धोक्याचं.

कुत्र्याचं औषध पशुवैद्यांकडून, आणि ते फवारणीच्या दिवशी किंवा एक-दोन दिवस आधी. हे झालं नाही तर मी फवारणीला जातच नाही. आधी मीही जायचो, पैसेही घ्यायचो, आणि महिनाभराने तेच घर परत बोलवायचं. मानेवर टाकायचे थेंब किंवा तोंडाने द्यायची गोळी, काय द्यायचं ते वजन आणि वय बघून डॉक्टर ठरवतील. घरात मांजर असेल तर एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला जीवघेणं ठरू शकतं. कुत्र्याचं औषध मांजराला ‘थोडंसं’ लावायचं नाही. कापराची पूड, टी ट्री तेल, काळं फिनेल हे घरगुती उपायही जनावरांच्या अंगाला लावू नका. या तिन्हींनी मांजरं आजारी पडतात.

बरेच जण विचारतात की कुत्र्याला महिनाभर भावाकडे पाठवू का. नको. फवारणीपुरता आणि फरशी पूर्ण सुकेपर्यंत बाहेर ठेवा, मग घरी आणा आणि सगळ्या खोल्यांतून फिरू द्या. औषध दिलेला कुत्रा म्हणजे चालता-फिरता सापळा. कोशातून निघालेली पिसू त्याच्यावर उडी मारते आणि मरते. तो घरात नसला तर ती तुमच्या पायावर येते.

फवारणीच्या आदल्या दिवशी घरातलं काम तुमचं. कुत्र्याचं अंथरूण, पायपुसणी, सोफ्याचे अभ्रे, खालच्या चादरी कडक गरम पाण्यात धुवा, निदान ६० अंशांच्या. गोधडी धुता येत नसेल तर ती दूर गच्चीवर कडक उन्हात, पण जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कुठलं? त्यापेक्षा ड्रायरवाल्या लाँड्रीत द्या. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर पलंग-सोफे सरकवून कडेकडेने, फटीफटीतून फिरवा. त्याच्या हादऱ्याने काही कोश फुटतात, ते आपल्याला हवंच आहे. पिशवी लगेच गाठ मारून बाहेर टाका. व्हॅक्यूम नसेल तर येणाऱ्या माणसाला आणायला सांगा, चांगल्यांकडे असतो. नुसत्या झाडूने अंडी इकडची तिकडे होतात. माठ रिकामा करून झाका, देवघरातली भांडी आणि बाळाची खेळणी कपाटात. माशांची टाकी असेल तर ओल्या कापडाने झाकून हवेचा पंप बंद, कारण ही औषधं माशांसाठी अतिशय घातक असतात. नातीला दिवसभर आजोळी किंवा नातेवाईकांकडे. फरशी सुकून खिडक्या तासभर उघड्या राहिल्यावरच आत आणा.

काम चालू असताना तुम्ही उभ्या राहून बघा. चांगला माणूस गुडघ्यावर बसतो. टॉर्च घेऊन सोफा उलटा करतो, कुत्र्याच्या जागेवरची काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापसावर टेकवतो. कापूस तांबूस झाला तर ती पिसवांची विष्ठा, नुसती धूळ असेल तर तो मळका होतो. फवारणी भिंतीच्या पायथ्याची पट्टी, फरशीचे सांधे, दिवाणाखालचा कोपरा, दाराची चौकट अशी बारीक धारेने खाली चालते. भिंतीच्या वरच्या भागावर औषध मारणारा माणूस डासांचं काम करतोय.

रांगत्या नातीसाठी मी असं करतो. खोलीचा मधला भाग कोरडा झाल्यावर साध्या पाण्याने पुसून घ्यायचा, कडेची एक वीतभर पट्टी आणि फर्निचरखालचा भाग मात्र दोन आठवडे पुसायचा नाही. बाळाने मध्येच खेळावं म्हणून एक चादर अंथरायची, ती रोज धुवायची. मावशींना हे तुम्ही स्वतः उभ्या राहून दाखवा, फरशीवर खडूने रेघ मारा. मी तसं करायला सांगतो तेव्हा लोकांना नवल वाटतं, पण सगळ्यात जास्त फरक त्या खडूच्या रेघेने पडतो. घरात कुत्र्यापासून मुलांना पिसवांमार्फत होणारा पट्टकृमीचा त्रासही असतो. कुत्र्याला जंताचं औषध कधी दिलं होतं, तेही पशुवैद्यांना विचारा.

एक महत्त्वाचं राहिलं: घरात किंवा इमारतीत उंदीर असतील तर? क्रम उलटा करू नका. आधी पिसवा, मग उंदीर. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा गार पडलेलं शरीर सोडतात आणि जवळचं गरम अंग शोधतात. आपल्या भागाने याची फार मोठी किंमत मोजलेली आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये पुण्यात. उंदीर पडायला लागले की लोक घरं सोडून माळावर राहायला जायचे. पिसू हा त्यातला दुवा आहे हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातूनही उंदीर पडल्याच्या आणि गाठी आल्याच्या बातम्या आल्या होत्या. आज तुमच्या लॅब्रॅडॉरवरच्या पिसवांनी प्लेग होईल असं मुळीच नाही, घाबरू नका. पण एकाच वेळी बरेच उंदीर आपोआप मरून पडत असतील तर ते हातात न घेता महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा.

दिवसांचा हिशोब असा. फवारणीनंतरचे दोन-तीन दिवस पिसवा उलट जास्त दिसू शकतात, त्या बावचळून उघड्यावर येतात. मग कमी. दहाव्या दिवसापासून काही नव्या. तेवढ्यात दुसरी फेरी. रोज व्हॅक्यूम चालू ठेवा, कडा सोडून. आठवड्यातून एकदा पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढून सगळ्या खोल्यांतून सावकाश चाला आणि ठिपके मोजून कॅलेंडरवर लिहा. आकडा आठवड्यागणिक उतरत असेल तर काम बरोबर चाललंय, घाई करून तिसऱ्या फवारणीचे पैसे देऊ नका. चार आठवड्यांनंतरही तेवढाच असेल तर कुठूनतरी नव्या येत आहेत.

तुमच्या घराबाबत मला तो ‘कुठूनतरी’ आत्ताच दिसतोय. तळमजला, पावसाळा, कोथरूडची सोसायटी: बाल्कनीखालच्या सुक्या मातीत किंवा जिन्याखालच्या जुन्या सायकलींमागे मांजर व्यालेली असण्याची शक्यता मोठी आहे. नवा माणूस आला की त्याला दारातून आत घेण्याआधी तिथे टॉर्च मारायला सांगा. मांजर सापडली तर हुसकावू नका. ती गेली तरी पिसवांनी भरलेली जागा तिथेच राहते, आणि आठ दिवसांत दुसरी मांजर येते. सोसायटीत खाऊ घालणाऱ्यांशी बोलून आईला पशुवैद्यांकडून औषध द्या. अगदी लहान पिल्लांना औषध देता येत नाही, त्यांना बारीक फणीने विंचरून पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवायच्या. ती मांजर आणि पिल्लं जागा सोडून गेली की त्या मातीत एकदा फवारणी करून घ्या.